चंद्राआड ग्रह : पिधानाचे गणित आणि निरीक्षणाची सचोटी



ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांचे नाव या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहेच. आम्ही विद्यार्थी मात्र त्यांना नुसते ‘सर’ म्हणत असू, आणि आजही मी तसेच म्हणणार आहे. सर आम्हांला भूगोल शिकवीत. अभ्यासक्रमातील भूगोल पृथ्वीपाशी संपत असे. सरांचा मात्र तेथे सुरू होई. १६ फेब्रुवारी १९८० रोजी कारवार-रायचूरपासून कोणार्कपर्यंतच्या पट्ट्यातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. बडोद्यात ते खंडग्रासच होते, तरी रस्ते ओस पडले होते आणि घराघरांची दारे बंद होती. त्या दुपारी सरांनी आम्हां दहा-बारा मुलांना शाळेच्या गच्चीवर, बडोद्यात आपण जिला अगाशी म्हणतो तेथे नेले आणि पुठ्ठ्याला पाडलेल्या छिद्रातून पांढऱ्या कागदावर कोरलेला सूर्य दाखविला. माझ्या आकाशनिरीक्षणाचा प्रारंभ तेथे झाला. मी खगोलशास्त्रज्ञ नाही. आयुष्यभर कारखान्यात विजेची कामे पाहिली. आकाश हा रात्रीचा छंद. अशा हौशी माणसाने विद्वत्तेचा आव आणू नये, म्हणून स्वतः पाहिलेल्या एका गोष्टीवरच बोलणार आहे : चंद्र ग्रहाच्या आड येतो तेव्हा काय घडते, ते का घडते, आणि ते पाहणाऱ्याने काय सांभाळावयाचे असते.

पिधान म्हणजे काय

चंद्राच्या बिंबाआड एखादा तारा किंवा ग्रह झाकला जाण्याला आपल्या परिभाषेत ‘पिधान’ म्हणतात. पिधान म्हणजे झाकणे. सूर्यग्रहण हेही वस्तुतः सूर्याचे पिधानच होय. आपल्या प्राचीन ग्रंथकारांनी या घटनांची बारकाईने विभागणी केलेली आढळते. सूर्यसिद्धान्ताच्या ग्रहयुत्यधिकारात ग्रहांच्या परस्पर भेटीला युद्ध, चंद्राशी होणाऱ्या भेटीला समागम आणि सूर्याशी होणाऱ्या भेटीला अस्त अशी नावे आहेत. एका बिंबाने दुसऱ्यास झाकले तर त्यास ‘भेद’ म्हटले आहे. पश्चिमेकडे ॲरिस्टॉटलने अर्धचंद्राच्या काळ्या कडेआड मंगळ गेला आणि उजळ कडेकडून बाहेर आला, असे स्वतः पाहिल्याचे नोंदविले आहे. आधुनिक गणिताने ही घटना इ.स.पूर्व ३५७ मधील ठरते. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष साधा पण मोलाचा होता : ज्या अर्थी चंद्र मंगळाला झाकतो, त्या अर्थी मंगळ चंद्राहून दूर आहे. मोजपट्टी नाही, दुर्बीण नाही. केवळ कोण कोणाच्या आड गेला हे नीट पाहिले आणि विश्वाच्या रचनेतील एक पायरी हाती आली.

चंद्र ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर २७.३२ दिवसांत आकाशाची एक फेरी पूर्ण करतो. म्हणजे दिवसाला सुमारे १३ अंश आणि तासाला सुमारे अर्धा अंश. चंद्रबिंबाचा व्यासही जवळपास अर्धा अंशच आहे. म्हणून ‘चंद्र तासाला स्वतःएवढा सरकतो’ हे सूत्र सर आमच्याकडून पाठ करून घेत. पिधान मध्यातून झाले, तर ते साधारण तासाभराचे का असते, याचे उत्तर या एका वाक्यात आहे.

मग दर महिन्याला प्रत्येक ग्रहाचे पिधान का होत नाही? कारण चंद्राची वाट क्रांतिवृत्ताशी सुमारे ५ अंशांचा कोन करते. ग्रह क्रांतिवृत्ताच्या जवळपास वावरतात; चंद्र मात्र कधी त्यांच्या वरून, कधी खालून निघून जातो. ही वाट क्रांतिवृत्ताला ज्या दोन बिंदूंत छेदते त्यांना आपण राहू आणि केतू म्हणतो. हे छेदनबिंदू सुमारे १८.६ वर्षांत उलट दिशेने एक फेरी करतात. त्यामुळे चंद्राची वाट हळूहळू सरकत एखाद्या ग्रहाच्या वा ताऱ्याच्या स्थानावर आली, की काही महिने किंवा काही वर्षे पिधानांची मालिकाच लागते, आणि मग दीर्घ काळ खंड पडतो. चंद्राची लाडकी मानलेली रोहिणी २०१५ ते २०१८ या काळात अशीच वारंवार त्याच्या आड जात होती. २०२४ मध्ये शनीची पाळी आली.

दोन अगाशा, दोन पतंग

पिधान एका गावातून दिसते आणि दुसऱ्या गावातून दिसत नाही, याचे आश्चर्य अनेकांना वाटते. बडोदेकरांना ते समजावून सांगणे सोपे आहे. उत्तरायणाच्या दिवशी आपण अगाशीत उभे असतो. जवळच एक पतंग आहे आणि खूप दूर, पार मांडवीच्या बाजूला, दुसरा. आपल्या डोळ्यांना जवळच्या पतंगाने दूरचा पुरता झाकलेला दिसतो. शेजारच्या अगाशीतला मुलगा म्हणतो, “छे, मला तर दोन्ही वेगवेगळे दिसतात!” दोघेही खरेच सांगत असतात. जवळचा पतंग म्हणजे चंद्र, दूरचा म्हणजे ग्रह.

चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे आणि पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर. या दोन आकड्यांच्या प्रमाणामुळे पृथ्वीच्या केंद्रावरून जेथे चंद्र दिसावा, त्यापासून पृष्ठभागावरील निरीक्षकाला तो जास्तीत जास्त जवळपास एक अंशाने ढळलेला दिसू शकतो. यास लंबन म्हणतात. एक अंश म्हणजे दोन चंद्रबिंबे. तेव्हा एखाद्या देशातून ग्रह चंद्राआड जात असता दुसऱ्या देशातून तो चंद्राच्या बाजूने निघून जावा, यात नवल नाही.

हीच गोष्ट दुसऱ्या रीतीनेही मांडता येईल. ग्रहाच्या प्रकाशात चंद्राची छाया पृथ्वीवर पडते. ती चंद्राएवढीच, म्हणजे सुमारे ३,४७४ किलोमीटर व्यासाची असते आणि पृथ्वीवरून सरकत जाते. आपले गाव त्या छायेत आले की ग्रह लपतो. छाया पुढे गेली की प्रकटतो. छायेच्या अगदी कडेवर राहणाऱ्याला ग्रह चंद्राच्या ध्रुवाजवळील डोंगरांना घासून जाताना दिसतो. छाया एका गावाहून दुसऱ्या गावी जावयास वेळ लागतो, म्हणून बडोद्याची वेळ वेगळी आणि मुंबईची वेगळी. हे वाक्य कृपया ध्यानात ठेवावे. त्याने मला एकदा चांगलाच धडा शिकविला आहे.

खोडलेला आकडा

सूर्यग्रहणानंतरच्या हिवाळ्यातली ही हकीकत. एका मंद ताऱ्याचे पिधान संध्याकाळी होणार होते. सर शाळेच्या अगाशीत आपली तीन इंची भिंगाची दुर्बीण लावून बसणार होते. मी दांडिया बाजारातील आमच्या घराच्या अगाशीतून, मागून आणलेल्या द्विनेत्रीने पाहावे असे ठरले. आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर घड्याळ लावून घेतले होते.

ताऱ्याचे पिधान ज्यांनी पाहिले नसेल त्यांना सांगतो : तारा मंदावत नाही, विझत नाही, तो नाहीसा होतो. डोळ्याचे पाते लवावे तसा. चंद्राला वातावरण जवळपास नाहीच आणि तारा इतका दूर की तो बिंदूवतच, त्यामुळे मधली अवस्था उरत नाही. मी घड्याळ पाहिले आणि वहीत पेन्सिलीने वेळ लिहिली. मग घरातली छापील वेळ पाहिली. माझी वेळ तिच्याशी चार मिनिटांनी जुळत नव्हती. मला वाटले, चुकलो. नववीतल्या मुलाचे घड्याळ खरे की छापील अक्षर खरे? मी माझा आकडा खोडला आणि छापील वेळेशी जुळेल असा लिहिला. पाहणे खरे वाटावे म्हणून काही सेकंदही जोडले.

दुसऱ्या दिवशी सरांनी वही पाहिली, पान खिडकीच्या उजेडासमोर धरले आणि शांतपणे विचारले, “अरे, ही छापील वेळ मुंबईची आहे. तू बडोद्यात उभा राहून मुंबईचा तारा कसा पाहिलास?” खोडलेला आकडा उजेडात वाचता येत होता. तो सरांच्या स्वतःच्या वेळेशी सहा सेकंदांच्या आत जुळत होता. मी खरे पाहिले होते आणि खोटे लिहिले होते.

सर रागावले नाहीत. पण त्यांनी निरीक्षणांच्या नोंदवहीत माझ्या नावापुढे ‘ग्राह्य नाही’ असे लिहिले. मी म्हटले, “सर, आधीचा आकडा घ्या ना, तो तर बरोबर आहे.” ते म्हणाले, “तो तू मागे घेतलास. आता त्याला साक्षीदार कोण?” शिक्षेपेक्षा ते वाक्य अधिक लागले. ती संध्याकाळ परत येणार नव्हती.

सेकंदांचे मोल

एवढ्या काटेकोरपणाची गरज काय, असा प्रश्न तेव्हा मलाही पडला होता. त्याचे उत्तर पुढे वाचनातून मिळाले. घड्याळे विश्वासार्ह नव्हती त्या काळी चंद्राने तारा झाकल्याची वेळ हे दूरच्या स्थळाचे रेखांश ठरविण्याचे एक साधन होते. पुढे अशाच वेळांवरून चंद्राच्या गतीचे आणि पृथ्वीच्या परिवलनातील सूक्ष्म फरकांचे गणित सुधारत गेले. चंद्राची कड सेकंदाला सुमारे अर्धी विकला सरकते. म्हणून जी वस्तू दुर्बिणीत बिंदूवत दिसते तिचा आकारही ती झाकली जाण्यास लागणाऱ्या वेळावरून काढता येतो.

१९६२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील रेडिओ दुर्बिणीने ३सी २७३ या रेडिओस्रोताचे चंद्राने केलेले पिधान नोंदविले. त्यावरून त्याचे नेमके स्थान कळले, आणि १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी तो अतिदूरचा क्वासार असल्याचे दाखविले. आपल्या देशात प्रा. गोविंद स्वरूप यांनी हाच मार्ग धरला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उटी येथे १९७० मध्ये उभारलेली ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद रेडिओ दुर्बीण मुख्यतः चंद्रपिधानांसाठी योजलेली होती. ती अशा उतारावर बांधली आहे, की तो उतार त्या स्थळाच्या अक्षांशाएवढा, सुमारे ११ अंशांचा आहे. त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहतो आणि एकाच अक्षाभोवती फिरवून चंद्राचा तासन् तास पाठलाग करता येतो. डोंगराच्या उताराचाच उपकरणाचा भाग करून घेणारी ही युक्ती मला फार मोठी वाटते. आपल्या शेजारी, अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेच्या अबूवरील गुरुशिखर वेधशाळेतही अवरक्त किरणांत चंद्रपिधाने नोंदवून ताऱ्यांचे कोनीय व्यास काढण्याचे काम झाले आहे.

१० मार्च १९७७ रोजी एक तारा युरेनस ग्रहाआड गेला. मुख्य पिधानाच्या आधी व नंतर तारा क्षणक्षण मंदावला, आणि त्यातून युरेनसभोवतीच्या कड्यांचा शोध लागला. तमिळनाडूतील कावलूर येथील निरीक्षकांनीही ती घटना टिपली होती. ‘अपेक्षित नव्हते म्हणून’ कोणी त्या नोंदी खोडल्या असत्या तर?

हौशी निरीक्षकांची परंपराही आपल्याकडे लहान नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ मध्ये स्थापन झाली. त्याही आधी शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ प्रसिद्ध करून मराठी वाचकाच्या हाती दोन हजारांहून अधिक वर्षांचा हिशेब दिला. शके १४४२ म्हणजे इ.स. १५२० मध्ये ग्रहलाघव रचणारे गणेश दैवज्ञ कोकणातल्या नांदगावचे. त्यांच्या ग्रंथावरून महाराष्ट्राप्रमाणेच गुजरातेतही पंचांगे होत. आपल्या या दुभाषी नगरीला तो दुवा जवळचा वाटावा.

आश्विन शुद्ध द्वादशीची रात्र

आता २०२४ सालाकडे येतो. त्याच्या आदल्या वर्षी, २४ मार्च २०२३ च्या संध्याकाळी, चंद्रकोरीखाली टांगलेला शुक्र बडोद्याने रस्त्यात थांबून पाहिला होता. २०२४ मध्ये शनीच्या दोन संधी होत्या. पहिली २४ आणि २५ जुलैच्या मधल्या रात्री. देशाच्या काही भागांतून ते पिधान दिसले; बडोद्यात मात्र मुसळधार पाऊस होता. ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला. सरांची तीन इंची दुर्बीण त्यांच्या पश्चात माझ्याकडे होती. तळमजल्यावरील कपाटात पाणी शिरले आणि तिची पेटी भिजली. नळीतला गाळ धुतला, भिंग उकलून पुसले, बैठकीचा गंज काढला. दुसरी संधी १४ ऑक्टोबरच्या रात्री होती. तोपर्यंत ती उभी राहील की नाही, याची खात्री नव्हती.

नवरात्राचा गरबा नुकताच संपला होता आणि कोजागरीला दोन दिवस होते. चंद्र जवळजवळ पूर्ण. शनी कुंभ राशीत. अगाशीत शाळेची पाच मुले, शेजारची दोन, आणि खाली राहणाऱ्या आजी. त्या जरा बिचकत म्हणाल्या, “शनी-चंद्र एकत्र म्हणजे विषयोग म्हणतात. मुलांनी पाहावं का रे?” मी म्हटले, “आजी, शनी चंद्राच्या शेजारी नाही, त्याच्या पुष्कळ मागे आहे. चंद्राचा उजेड आपल्यापर्यंत सव्वा सेकंदात येतो, शनीचा यायला आज एक तास बारा-तेरा मिनिटं लागतात.” आजी क्षणभर विचार करून म्हणाल्या, “म्हणजे त्यांची गाठच नाही. मग मलाही दाखव.”

शनी चंद्रापेक्षा व्यासाने सुमारे पस्तीस पट मोठा. तरी जवळचा लहान दूरच्या मोठ्याला झाकतो. शुद्ध पक्षात चंद्राची पूर्वेची, म्हणजे पुढची कड काळी असते. त्या रात्री काळी पट्टी अगदी बारीक होती. मध्यरात्र उलटल्यावर शनी तिच्याकडे येऊ लागला. ढगांचे तुकडे अधूनमधून जात होते आणि प्रत्येक वेळी मुले श्वास रोखत होती. ताऱ्याप्रमाणे ग्रह एकदम नाहीसा होत नाही, कारण त्याला बिंब आहे. आधी कड्याचे टोक गेले, मग पिवळसर बिंब एका बाजूने कुरतडल्यासारखे होत गेले, मग दुसरे टोक. या साऱ्याला मिनिट-दीड मिनिट लागले. शनीची कडी त्या वर्षी आपल्याकडे जवळजवळ कडेनेच वळलेली होती, तरी ती सुईसारखी स्पष्ट दिसली. आजी आकाशाकडे नुसत्या डोळ्यांनी पाहत होत्या. त्यांना चंद्राच्या झगमगाटात काहीच दिसले नाही. मुलांनी त्यांना द्विनेत्री दिली आणि तासाभराने शनी उजळ कडेतून बाहेर आला तेव्हा सर्वांत आधी त्यांनाच दाखविला.

मग नोंदींची वेळ आली. शनी पूर्णपणे झाकला गेल्याच्या मुलांच्या तिन्ही वेळा दोन-तीन सेकंदांच्या फरकाने जुळत होत्या. माझी वेळ त्यांच्याहून अकरा सेकंद आधीची होती. कारण उघड होते : माझ्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला आहे, आणि चंद्राच्या झळाळीत कड्याचे शेवटचे टोक मला दिसलेच नाही. एक मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली, “काका, तुम्ही आमचीच वेळ लिहा ना. नाहीतरी तीच बरोबर आहे.” तिच्या मनात कपट नव्हते, नववीतल्या माझ्याही मनात नव्हते. मी माझी वेळ लिहिली आणि शेरा जोडला : ‘निरीक्षकास मोतीबिंदू, शेवटचे टोक दिसले नाही.’ ती म्हणाली, “पण मग ही चुकीची नोंद ठेवायची?” मी म्हटले, “ही चुकीची नोंद नाही. कमी दिसलेल्या डोळ्याची खरी नोंद आहे. पुढचा माणूस शेरा वाचील आणि तिचे वजन ठरवील. ते काम त्याचे. माझे काम खोडरबर न वापरण्याचे.”

छंद म्हणून आकाश पाहणाऱ्या माणसाला वेतन नसते, पद नसते. त्याच्यापाशी असते ती केवळ त्याची साक्ष. ती एकदा डागाळली तर दुर्बीण कितीही मोठी असून उपयोग नाही. ती स्वच्छ असेल तर दोन भिंगे आणि एक घड्याळ पुरते. आज मोबाइलमधील वेळ उपग्रहांवरून येते आणि पिधानाची नेमकी वेळ प्रत्येक अगाशीसाठी वेगळी काढून मिळते. म्हणूनच तो मोह वाढला आहे. पडद्यावर आकडा आधीच दिसत असताना आपण पाहिलेला आकडा लिहिणे आता अधिक अवघड आहे.

सरांची दुर्बीण, दुरुस्त करून, आज मी शाळेच्या स्वाधीन करीत आहे. तिच्याबरोबर त्यांची नोंदवहीही देत आहे. तिच्यात माझ्या नावापुढे ‘ग्राह्य नाही’ हे शब्द सरांच्या अक्षरात आहेत. ते पान कोणी फाडू नये, एवढीच विनंती. शेवटची नोंद १४ ऑक्टोबरच्या रात्रीची आहे. तिच्याखालची पाने कोरी आहेत.